भिलाईच्या बाजारातले पाच कोपेक

भिलाईतल्या बऱ्याच जुन्या घरांत एक डबा असतो. बिस्किटांचा किंवा चहापत्तीचा, पत्र्याचा, झाकण जरा चेमटलेलं. आत सुटी बटणं, सेफ्टी पिना, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, बंद पडलेल्या घड्याळाचा पट्टा आणि अगदी तळाशी चार-दोन परदेशी नाणी. ती कोणी हौसेने जमवलेली नसतात. घरातलं कोणी बाहेरदेशी जाऊन आलं, बॅग रिकामी केली, खिशातली चिल्लर टेबलावर ठेवली आणि ती डब्यात गेली, एवढंच. परदेशी नोट मनी चेंजरकडे बदलून मिळते, नाणं मात्र तो सहसा घेत नाही. म्हणून नोटा खर्च होतात आणि नाणी मुक्कामाला राहतात.

मग कधीतरी घर हलतं. स्टील प्लांटच्या नोकरीत क्वार्टर मिळतं आणि निवृत्तीनंतर ते सोडायचं असतं. मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला, आईबाबा त्यांच्याकडे निघालेले, तीस-पस्तीस वर्षांचा संसार आठवड्याभरात आवरायचा. त्या घाईत डबा उघडून बघायला वेळ कोणाला? तो रद्दी-भंगारवाल्याच्या गोणीत जातो. तिथून त्यातली नाणी फिरत फिरत सुपेलाच्या संडे मार्केटमध्ये चादरीवर किंवा एखाद्या सराफाच्या काउंटरवरच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये येऊन पडतात. जगभरची नाणी विकत घ्यायची हौस असेल तर आपल्याकडची सुरुवात ही अशी, चादरीपासून होते.

भिलाईत ‘नाणी मिळतील’ अशी मोठी पाटी शोधत फिरू नका. हा व्यवसाय इथे टेबलावर चालतो. जुन्या वस्तू विकणारे, दुर्गच्या सराफ्यातले एखाद-दोन हौशी दुकानदार आणि प्रदर्शन भरलं की बाहेरगावाहून अल्बम घेऊन येणारे विक्रेते, अशी साधारण तीन प्रकारची माणसं भेटतात. थोडा खर्च करून पुढे जायचं असेल तर रायपूरचा सदर बाजार जवळ आहे आणि सुट्टीत नागपूरला मामाकडे जाणं होत असेल तर इतवारीचा सराफा आहेच. पण पहिलं नाणं घरच्या बाजारात घ्यावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण भिलाईच्या ट्रेमध्ये जे सापडतं त्यातच आहे.

रशियाची चिल्लर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्या काळात शेकडो सोव्हिएत तंत्रज्ञ कुटुंबांसह इथे राहिले आणि इथले अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. सेक्टर ७ मधलं रशियन कॉम्प्लेक्स आणि १९७२ मध्ये सुरू झालेलं मैत्री बाग हे त्या दिवसांचे मोठे, दिसणारे पुरावे. कोपेक हा त्यातला खिशात मावणारा.

शंभर कोपेक म्हणजे एक रूबल. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने चलन बदललं, दहा जुन्या रूबलचा एक नवा रूबल केला आणि नाण्यांची नवी मालिका काढली. भिलाईत बहुतेक वेळा हीच मालिका हाती लागते. एक, दोन, तीन आणि पाच कोपेक पिवळट, पितळेच्या जातीचे. दहा, पंधरा, वीस, पन्नास कोपेक आणि रूबल पांढरे. एका बाजूला गव्हाच्या लोंब्यांनी वेढलेला पृथ्वीचा गोल, त्यावर कोयता-हातोडा, खाली चार अक्षरं. ती इंग्रजी ‘सीसीसीपी’सारखी दिसतात, पण रशियन लिपीत त्यांचा उच्चार ‘एसएसएसआर’ असा होतो. मुलांना हे सांगून बघा, त्यांना गुप्त संदेश उलगडल्याचा आनंद होतो.

या पिवळ्या नाण्यांची एक गंमत आहे. एक कोपेक एक ग्रॅमचा, दोन कोपेक दोन ग्रॅमचा, तीनचा तीन ग्रॅम आणि पाचचा पाच ग्रॅम. म्हणजे नाणं हेच वजनही. छोटा डिजिटल काटा असेल तर घरी मोजून बघा. वापरून झिजलेलं नाणं किंचित कमी भरेल, बाकी हिशेब जुळतो.

आणि ही चिल्लर तिकडे कशाला लागायची? मॉस्कोच्या मेट्रोचं तिकीट १९६१ पासून तीस वर्षं पाच कोपेकच होतं. रस्त्यावरच्या फोनमध्ये दोन कोपेक टाकायचे. सोडावॉटरच्या मशिनमध्ये एक कोपेक टाकला की साधा सोडा मिळायचा, तीन टाकले की सरबत घातलेला. सुपेलाच्या चादरीवर पडलेलं तीन कोपेकचं नाणं कदाचित कोणाच्या तरी गोड सोड्यासाठी राखलेलं असेल. १९९१ च्या डिसेंबरात तो देशच नकाशावरून गेला. चिल्लर मात्र आपल्याकडे राहिली.

याच ट्रेमध्ये लेनिनचं चित्र असलेला मोठा रूबलही दिसतो. लेनिनच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७० मध्ये काढलेला. हातात घेतला की जड लागतो, चकचकीत असतो आणि विकणारा लगेच म्हणतो, “ये रेअर है मॅडम, पचास साल पुराना.” पुराना आहे, खरं आहे. पण हा रूबल सुमारे दहा कोटी पाडला गेला होता. नाण्याच्या वयाचा आणि दुर्मीळपणाचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसतो. जगात रोमन काळातली तांब्याची नाणी आजही स्वस्तात मिळतात, कारण ती ढिगाने सापडतात. रूबल घ्या, आवडला तर जरूर घ्या, पण ‘रेअर’ या शब्दाचे पैसे देऊ नका.

रशियन ढिगात अजून एक वस्तू हमखास मिसळलेली असते, ती म्हणजे बिल्ले. सोव्हिएत माणसं कोटाला लावायचे ते छोटे धातूचे बिल्ले भेट म्हणून वाटत. पाठीमागे पिन किंवा पिनेची खूण असेल तर ते नाणं नाही. तरी मी ते घेते. भिलाईत ते न घेणं म्हणजे तळ्याकाठी राहून मासे न खाणं.

भाव कसा करायचा

विक्रेत्याचा माल साधारण तीन थरांत असतो. सर्वांत खाली ढीग, त्यात सगळ्या देशांची साधी, अलीकडची नाणी. ती दहा-वीस रुपयांना एक मिळतात आणि मूठभर घेतली तर आणखी खाली येतात. ठोक व्यापारात तर अशी नाणी किलोवर विकली जातात. मधला थर अल्बमच्या पानांतला. तिथे प्रत्येक नाण्याला वेगळी किंमत असते. सगळ्यांत वरचा थर चांदीचा आणि तो बहुतेक वेळा काउंटरखालून निघतो.

नवख्याने ढिगापासून सुरू करावं. तिथे चूक झाली तरी वीस रुपयांची. आधी एक नाणं उचलून भाव विचारू नका, त्याने विक्रेत्याला कळतं की तुमचं मन कशावर आलंय. दहा-बारा निवडा, तळहातावर ठेवा आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारा. “अंकल, हे सगळे मिळून किती?” असं हसून विचारलं की दर उतरतो. मग त्यातली दोन परत ठेवून पुन्हा विचारा. हे आपल्या आया भाजीवाल्याकडे करतात तेच आहे, फक्त इथे कोथिंबीर फुकट मिळत नाही.

एक प्रश्न मात्र आवर्जून विचारा, “हे कुठून आलं?” मी हा प्रश्न नेहमी विचारते. अर्ध्या वेळा उत्तर मिळतं, “मालूम नहीं.” पण एकदा एका विक्रेत्याने सांगितलं की सेक्टरमधल्या एका घरातून सामान उचललं, त्यात एक जुना सूटकेस होता आणि कप्प्यात ही पंधरा नाणी एका रुमालात बांधलेली होती. रुमाल कुठाय विचारलं तर तो हसला. रुमालाने त्याने काच पुसली होती. रुमालात आणखी काही लिहिलेलं होतं का, कोणाचं नाव होतं का, ते आता कोणालाच कळणार नाही. पंधरा नाण्यांची किंमत दोनशे रुपयेसुद्धा नव्हती. पण ज्या माणसाने ती गाठ मारून ठेवली, त्याच्यासाठी ती नक्कीच चिल्लर नव्हती.

म्हणूनच घर आवरताना आधी स्वतःचा डबा उघडा, बाजारात नंतर जा. आजोबा असतील तर त्यांच्यासमोर उघडा.

आकड्यांची भाषा

ढिगात रशियाखालोखाल दिसतात ती आखाती देशांची नाणी. इथले वेल्डर, फिटर, नर्स तिकडे कामाला जातात, येताना दिरहम-रियालची चिल्लर येते. चित्रावरून देश ओळखायला शिका, मजा येते. संयुक्त अरब अमिरातीच्या दिरहमवर चोच असलेली कॉफीची किटली, कुवेतच्या नाण्यावर शिडाचं जहाज, ओमानच्या नाण्यावर वाकडा खंजीर, सौदीच्या नाण्यावर दोन तलवारी आणि खजुराचं झाड.

वर्ष वाचताना मात्र मराठी माणसाची हमखास फसगत होते. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण म्हणजे सात, तीच उलटी केली की आठ. काही नाण्यांवर हिजरी आणि इसवी दोन्ही सनं असतात, काहींवर फक्त हिजरी. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. १४०० असेल तर १९८० च्या आसपास.

नेपाळचं नाणं आपल्याला सगळ्यांत सोपं, कारण आकडे देवनागरीत असतात. फक्त तो विक्रम संवत असतो, त्यामुळे २०४० बघून भविष्यातलं नाणं सापडलं म्हणून उडी मारू नका, ५७ वजा करा. थायलंडच्या नाण्यावर बौद्ध संवत, तिथे ५४३ वजा करायचे. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष लिहितात, शोवा ५० म्हणजे १९७५.

जपानचं भोक असलेलं पाच येनचं नाणं ढिगात दिसलं तर सोडू नका. त्यावर आपल्या ओळखीचा एकही आकडा नसतो, किंमत जपानी लिपीत असते. ‘गो-एन’ या उच्चाराचा जपानीत ‘ऋणानुबंध’ असाही अर्थ निघतो, म्हणून तिकडे मंदिरात हे नाणं वाहतात. आजीला दाखवलंत तर तिला १९४३ ते १९४७ मधला आपला भोकाचा पैसा आठवेल. मग तिची गोष्ट ऐकायला किमान अर्धा तास राखून ठेवा.

खोटं कसं ओळखायचं

दहा रुपयांच्या नाण्याची नक्कल करण्यात कोणाला रस नसतो. खोटेपणा वरच्या थरात असतो. आपल्या बाजारात दोन गोष्टी फार दिसतात.

पहिली, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि राम दरबार किंवा हनुमानाचं चित्र असलेली तांब्याची जाड ‘नाणी’, त्यांवर १८१८ किंवा चक्क १६१६ असं साल. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. हे जत्रेत विकले जाणारे टोकन आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, पण हजारो रुपये मोजायला आहे.

दुसरी, अमेरिकेचा मोठा ‘ट्रेड डॉलर’. खरा १८७३ ते १८८५ दरम्यानचा, नव्वद टक्के चांदीचा, साधारण २७.२ ग्रॅम वजनाचा. बाजारात फिरणारे बहुतेक नकली असतात. खिशात फ्रीजवरचं छोटं चुंबक ठेवा. चांदी चुंबकाला चिकटत नाही. डॉलर चिकटला तर विक्रेत्याला “धन्यवाद भैया” म्हणून पुढे चला. न चिकटला तरी लगेच विश्वास ठेवू नका, वजन करून बघा. सराफाकडे काटा असतोच आणि खरं नाणं विकणारा वजन करू द्यायला कधी कां-कूं करत नाही. मोठी रक्कम असेल तर बिल घ्या. बिलावर ‘चांदीचे नाणे’ एवढंच न लिहिता देश, किंमत आणि साल लिहून मागा.

चुंबक मुलांसाठी खेळणंही आहे. ब्रिटनचा एक पेनी तांब्यासारखा दिसतो, पण १९९२ पासूनचा चुंबकाला चिकटतो, कारण आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. पोलादाच्या गावातल्या मुलांना हे आवडायला हवं.

दुकानात उभ्या उभ्या माहिती बघायची असेल तर मोबाइलवर ‘नुमिस्टा’ ही साइट उघडा. जगातल्या जवळपास सगळ्या नाण्यांची चित्रं, धातू, वजन तिथे मोफत मिळतं. फोटोवरून शोधणारं गुगल लेन्सही कामाला येतं, पण त्याने दाखवलेल्या किमतींवर जाऊ नका. कोणीतरी इंटरनेटवर पन्नास हजार मागितले म्हणजे कोणीतरी ते दिले असं होत नाही.

लाखाची गोष्ट

आता जरा गंभीर. ‘ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो मिळवा’, ‘वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना’ असे व्हिडिओ तुमच्या कौटुंबिक ग्रुपवर आलेच असतील. त्यात दिलेल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस आधी नाण्याचा फोटो मागतो, मग ‘रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र’ पाठवतो, मग नोंदणीचे, कराचे, कमिशनचे पैसे मागतो. नाणं विकून पैसे मिळण्याऐवजी आपलेच पैसे जात राहतात. अशा जाळ्यात बहुधा घरातलं वयस्क माणूस सापडतं, आणि लाजेपोटी कोणाला सांगत नाही.

४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याबद्दल पत्रक काढून स्पष्ट केलं की बँक अशा व्यवहारांत पडत नाही, कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने असं काही करायला तिने कोणालाही अधिकार दिलेला नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

समोरच्या विक्रेत्याकडून घ्यावं म्हणते ते यासाठीही. तो चार रुपये जास्त लावेल, पण पुढच्या रविवारी तिथेच बसलेला असेल.

कायद्याची भीती अनेकांना वाटते, तेवढी नको. परदेशी नोटा घरी ठेवण्यावर भारतात मर्यादा आहे, परदेशी नाण्यांवर नाही, ती कितीही ठेवता येतात. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी मात्र पुरावस्तूंच्या कायद्यात येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला भेट पाठवायची असेल तर कोपेक पाठवा, मोगल रुपया नको.

घरी आणल्यावर

पहिला मोह असतो घासण्याचा. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, सगळं बाजूला ठेवा. तांब्याच्या कळशीला जे शोभतं ते नाण्याला मारक. वर्षानुवर्षांनी चढलेला तो काळपट थर नाण्याचं रक्षण करतो आणि संग्राहक तोच बघून पैसे देतो. घासलेलं नाणं चमकतं आणि किंमत घालवतं. फारच माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर टिपून कोरडं करा, बस. हाताळताना कडेने धरा.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या खिशात नाणी ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते प्लास्टिक घाम सोडतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे, मधे पारदर्शक खिडकी असलेले चौकोनी होल्डर विक्रेत्यांकडे दोन-चार रुपयांना मिळतात, ते चांगले. मुलांना नाद लागला आणि नाशिकला जाणं झालं, तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे.

होल्डरच्या पुठ्ठ्यावर देश, किंमत आणि साल सगळेच लिहितात. त्याखाली अजून एक ओळ लिहा. ‘सुपेला, रविवार, वीस रुपये.’ किंवा घरच्या डब्यातलं असेल तर, ‘बाबा प्रशिक्षणाला गेले तेव्हाचं, मेट्रोचं तिकीट काढून उरलेलं.’ ही ओळ नाणं आत घालण्याआधी लिहा, नाहीतर पेनाच्या टोकाचा दाब नाण्यावर उमटतो.